गंगावेशीतली आंबील आणि बिल्ल्यांचा डबा

कोल्हापुरात गंगावेस सोडून रंकाळा स्टँडच्या दिशेनं निघालं की एका बोळाच्या तोंडाशी पहाटे साडेपाचलाच दोन शेगड्या पेटलेल्या दिसतात. वर पत्रा, खाली तीन बाकडी, कोपऱ्यात हात धुवायचा नळ आणि खडूनं दर लिहिलेली काळी पाटी. गाड्याला नाव नाही. तालमीतली पोरं 'आक्काची आंबील' म्हणतात आणि तेवढ्यावर लोक बरोबर पोचतात. नाव आणि फोटो नको, एवढी एकच अट आक्कांनी घातली. रोज जी पोरं इथं पैसे न देता खातात, त्यांच्या तोंडासमोर कुणी मोबाइल धरायला नको म्हणून. ती अट पाळूनच हे परीक्षण लिहितोय.

दर सांगून टाकतो. आंबिलीचा ग्लास 15 रुपये, हुलग्याच्या (कुळथाच्या) माडग्याची, म्हणजे गूळ घातलेल्या पेजेची वाटी 20, उकडलेलं अंडं 10, आणि ताट 40. ताटात जोंधळ्याची किंवा नाचणीची एक मोठी भाकरी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, खर्डा, कांदा आणि लिंबाची फोड. रविवारी खपली गव्हाची खीर असते, 30 रुपये वाटी. वडा, भजी, मिसळ, पाव, चहा यातलं काहीच नाही. गंगावेशीसारख्या ठिकाणी, जिथं पावलापावलावर कढई उकळत असते, तिथं कढईच न ठेवता गाडा चालवायला हिंमत लागते.

आक्का ऊसतोडीच्या टोळीत वाढल्या. बीडकडनं हंगामाला येणाऱ्या टोळीबरोबर लहानपण कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत गेलं. आई-बाप कोयत्यावर, धाकटं भावंड कडेवर, शाळा अर्ध्या वर्षाची. हे त्या आपणहून सांगत नाहीत, विचारलं तर दोन वाक्यांत संपवतात. गाड्यावर तशी पाटीही कुठं लावलेली नाही. पण मांडणी नीट पाहिली की कळतं, उपाशी पोराला नेमकं काय काय अडतं हे ज्याला आतून ठाऊक आहे त्यानंच ही मांडलीय. म्हणून आम्ही सहा वेगवेगळ्या सकाळी जाऊन दोनच गोष्टी तपासल्या. पोटात खरंच काय जातं? आणि ते घेताना कुणाला मान खाली घालावी लागते का?

आधी आंबील, कारण गर्दी तिलाच. कोल्हापूरकरांना आंबील म्हटलं की सौंदत्तीच्या यात्रेहून परतल्यावरची ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा आठवते. भाकरी, वडी, घुगऱ्या, मेथीची भाजी, कांद्याची पात, गाजर आणि गार आंबील. वर्षातनं एकदा मोठ्या भक्तीनं पितो आणि मग वर्षभर विसरून जातो. इथं ती रोज आहे आणि रोज सारखीच आहे, ही पहिली मोठी गोष्ट. आंबील एखाद्या दिवशी चांगली जमणं सोपं असतं. रोज तशीच जमवायची म्हटलं की हात आणि घड्याळ दोन्ही पक्कं लागतं.

त्यांची पद्धत आम्ही रात्रीपासून पाहिली. नाचणी आधी चार-पाच पाण्यांनी धुतात, पाणी नितळ येईपर्यंत. घरी बहुतेक जण दोन पाण्यांवर थांबतात, मग दाताखाली कचकच येते आणि बोल नाचणीला लागतो. मग 12 तास भिजत, निथळून ओल्या फडक्यात 24 तास. पांढरा मोड राईएवढा दिसला की थांबायचं. लांब मोड आले की पिठाला गवतासारखा वास येतो. पुढं सावलीत खडखडीत वाळवणं, मंद आचेवर भाजणं आणि दळण. मोड आणल्यानं नाचणीतलं फायटेट, म्हणजे लोह आणि कॅल्शियम अडवून धरणारं द्रव्य कमी होतं आणि ते दोन्ही अंगी लागायला मदत होते. शिवाय मोडाच्या नाचणीचं पीठ उकळल्यावर फार घट्ट होत नाही, त्यामुळं लहान पोराच्या ग्लासात पाणी कमी आणि पीठ जास्त बसतं.

रात्री 1 किलो पीठ 3 लिटर पाण्यात गुठळी न राहता कालवून त्यात अर्धा लिटर आंबट ताक घालतात. स्टीलचं पातेलं, वर सुती फडकं. ॲल्युमिनियमचं भांडं आंबवायला वापरत नाहीत आणि ते बरोबर आहे, कारण आंबटपणा त्या धातूला खातो आणि आंबिलीला कळकट चव येते. थंडीत हे 12 तास ठेवतात, एप्रिल-मे महिन्यात 6 तासांवर एक मिनिट नाही. पहाटे 5 लिटर पाण्याला मीठ घालून उकळी आणायची, त्यात आंबवलेलं पीठ बारीक धारेनं सोडायचं आणि 12 मिनिटं हात न थांबवता ढवळायचं. मग खाली उतरवून कोमट होईपर्यंत वाट बघायची आणि शेवटी 3 लिटर ताक, ठेचलेला लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, कोथिंबीर.

घरी आंबील बिघडते ती याच तीन ठिकाणी. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या कितीही घोटल्या तरी आतनं कच्च्या राहतात. पाच मिनिटांत उतरवलं की पिठाचा कच्चा वास जात नाही. आणि घाई करून उकळत्या भांड्यात ताक ओतलं की ते फाटतं, वर चोथा, खाली पाणी. आक्कांच्या हाताखालची पोरगी कोमट झालंय का हे बघायला भांड्याच्या बाहेरनं तळवा लावते आणि मनात दहा आकडे मोजते. दहापर्यंत तळवा टिकला तरच ताक. थर्मामीटर नसलेल्या गाड्यावर याहून चांगली खूण आम्हाला सुचत नाही.

एवढ्या मापात साधारण 45 ग्लास होतात, म्हणजे ग्लासाला 22 ग्रॅम पीठ. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेव्हा ग्लासातल्या पिठातनं 75 च्या आसपास मिळतं, ताकाचं वेगळं. बाहेर 'हेल्दी' म्हणून 40 रुपयांना जी पांढुरकी आंबील मिळते ती बहुतेक ताकात पीठ दाखवलेली असते. इथली चमच्यावर बसते. चवीला आंबट, पण घशाला ओरखडा न काढणारी. लसूण मागं रेंगाळतो. पहिल्यांदा पिणाऱ्यानं अर्धा ग्लास मागावा, देतात.

आता त्या डब्याकडं येतो. पैसे आधी द्यायचे आणि पत्र्याचा गोल बिल्ला घ्यायचा. एक भोक असलेला आंबिलीचा, दोन भोकांचा ताटाचा. शेगडीपाशी बिल्ला दिला की वाढतात. ज्याला वाटतं तो जादा बिल्ला विकत घेतो आणि नळाजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो. ज्याच्याकडं पैसे नाहीत तो हात धुताना त्याच डब्यातनं एक बिल्ला काढून घेतो आणि सगळ्यांसारखाच रांगेत उभा राहतो. बिल्ला एकच, रंग एकच, रांग एकच. वही नाही, नाव नाही, शाळेचं ओळखपत्र नाही. शेगडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला समोरचा बिल्ला विकतचा की डब्यातला हे कळायला मार्गच ठेवलेला नाही.

डबा कुठं आहे तेही पाहण्यासारखं आहे. पाण्याच्या पिंपाच्या आडोशाला, बाकड्यांवरनं न दिसणारा, आणि दहा वर्षांच्या पोराच्या कंबरेच्या उंचीवर. आत हात घातला तर तळाला जुन्या चादरीचा तुकडा लागतो. त्यामुळं बिल्ला टाकताना किंवा उचलताना पत्र्याचा आवाज येत नाही. एवढ्या एका तुकड्यासाठी आम्ही या गाड्याला पूर्ण गुण द्यायला तयार आहोत.

अशा सोयी हल्ली बऱ्याच ठिकाणी दिसतात. भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, 'आज अमुक यांच्या वाढदिवसानिमित्त 5 थाळ्या'. हेतू चांगलाच असतो. पण पोराला सगळ्यांदेखत भिंतीपर्यंत चालत जाऊन, दुसऱ्याचं नाव वाचून, चिठ्ठी फाडून आणावी लागते. दुसऱ्या दिवशी ते पोर येत नाही आणि चालवणाऱ्याला वाटतं गरज संपली. डब्याची पद्धत तिथंच चुकत नाही. तिचा कच्चा दुवा वेगळा आहे. डबा रिकामा असला तर? पोरानं हात घातला आणि काही लागलं नाही, तर ते विचारणार नाही, निमूट निघून जाईल. म्हणून आक्का उघडतानाच स्वतःच्या खात्यातले 10 बिल्ले टाकतात आणि सातला एकदा डबा बघून भर घालतात. मोठी माणसं फुकट उचलत नाहीत का, असं आम्ही विचारलं. त्या म्हणाल्या, "उचलत असतील की. भूक लागल्याशिवाय कोण पहाटे साडेपाचला नाचणी प्यायला येतंय, दादा?"

वाढण्याचीही एक रीत आहे. 'अजून पाहिजे का?' असं कुणालाच विचारत नाहीत. वाढणाऱ्यानं उसळीचा डाव भरून ताटावर धरायचा आणि समोरचा हात आडवा करेपर्यंत मागं घ्यायचा नाही. भुकेलं पोर विचारल्यावर पहिल्यांदा 'नको'च म्हणतं. डाव समोर असला की म्हणत नाही. उसळ आणि कांदा कितीही वेळा मिळतो, भाकरी मात्र दुसरी हवी तर तिचा बिल्ला वेगळा.

कोल्हापूरला हे अगदीच नवं नाही. वाड्यावरच्या पागेत पाण्याला शिवले म्हणून ज्यांना मारहाण झाली त्या गंगाराम कांबळ्यांना राजर्षी शाहू महाराजांनी हॉटेल काढायला सांगितलं, आणि भाऊसिंगजी रोडवरच्या त्यांच्या 'सत्यसुधारक' हॉटेलात महाराज स्वतः गाडी थांबवून चहा घेत. 1901 साली इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, पुढं जातीजातींच्या पोरांची बोर्डिंगं निघाली, कारण शाळा मोफत केली तरी पोराच्या राहण्या-जेवण्याचा प्रश्न सुटल्याशिवाय ते शाळेत टिकत नाही हे महाराजांना पक्कं कळलेलं. त्या बोर्डिंगांच्या गावात सकाळी सातच्या शाळेला रिकाम्या पोटी जाणारी पोरं अजून आहेत, हे डब्यातले बिल्ले सांगतात. आम्ही गेलो त्या सकाळी 25 ते 30 बिल्ले त्यातनं उचलले गेले.

ताटाकडं वळू. भाकरीचं पीठ दर तीन-चार दिवसांनी दळून आणतात. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा गेला की भाकरी थापताना कडेला फाटते आणि मग ती सांधायला लोक मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळतात. इथं तशी भेसळ नाही. नाचणीला मुळातच विरी कमी, म्हणून तिची उकड काढतात. पाणी खळखळलं की चिमूटभर मीठ, गॅस बंद, पीठ घालून झाकण, दहा मिनिटांनी गरम असतानाच मळायचं. गार झाल्यावर मळलेली नाचणी कधीच सरळ थापली जात नाही. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवतात आणि ते सुकायच्या आत उलटतात. हे पाणी सुकलं की पापुद्रा सुटत नाही आणि भाकरी चामट होते. सहापैकी एका सकाळी आम्हाला चामट भाकरी मिळाली, साडेआठच्या पुढं, गर्दीत. बाकी पाच वेळा टम्म फुगलेली.

उसळ मटकीची, हुलग्याची, कधी चवळीची. पावसाळ्यात कोल्हापुरात मोड आणणं किचकट असतं. फडकं ओलं राहतं, हवा लागत नाही, दुसऱ्या दिवशी मटकीला तार सुटते. इथं जून ते सप्टेंबर फडक्याऐवजी भोकांच्या चाळणीत मोड आणतात आणि दर आठ तासांनी पाणी ओतून निथळवतात. वाटणात भाजलेला कांदा आणि थोडं सुकं खोबरं. रंगाला कांदा-लसूण मसाला. तेलाचा हिशेब साधा आहे, 20 ताटांना 100 ग्रॅम, म्हणजे ताटाला एक चमचा. मिसळीच्या कटाची सवय असलेल्याला वर तवंग दिसणार नाही आणि पहिल्या घासाला काहीतरी राहिल्यासारखं वाटेल. तिसऱ्या घासाला मटकीची स्वतःची चव लागते, ती कटात कधी लागत नाही.

आम्ही पोराच्या ताटाचं वजन केलं. अर्धी भाकरी म्हणजे 40 ग्रॅम पीठ, उसळीत सुकी मटकी धरली तर 30 ग्रॅम, एक अंडं आणि आंबिलीचा ग्लास. सगळं मिळून साधारण 450 कॅलरी आणि 17-18 ग्रॅम प्रथिनं. शालेय पोषण आहाराचं माप पहिली ते पाचवीला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं असं आहे. म्हणजे एका न्याहारीत दुपारच्या जेवणाएवढं पडतं. तालमीतल्या जोर-बैठका मारणाऱ्या पोराला मात्र हे पुरणार नाही. त्यानं दीड भाकरी, दोन वाट्या उसळ, दोन अंडी आणि वर ताक असं घ्यावं. 35 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. अंडं न खाणाऱ्यानं हुलग्याचं माडगं घ्यावं. हुलग्यात 100 ग्रॅमला 20 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, पण वाटीत पीठ 25 ग्रॅमच जातं, तेव्हा एका वाटीनं अंड्याची भरपाई जेमतेम होते.

माडगं चांगलं आहे. हुलगे भाजून दळलेले, सुंठ पुरेशी, नारळाचं दूध नावाला. वाटीत 10 ग्रॅम गूळ. गूळ कोल्हापुरी आहे, अंगचा सुवास आहे, पण शेवटी ती साखरच आहे. मधुमेह असलेली माणसं रंकाळ्याला चार फेऱ्या मारून 'गुळानं काही होत नाही' म्हणत दोन वाट्या घेताना दिसली. त्यांच्यासाठी त्याच हुलग्याचं बिनगुळाचं कढण ठेवायला हवं. आक्कांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली, पाटीवर अजून आलेलं नाही.

चहा का नाही, ही इथली रोजची कुरकुर. कारण पक्कं आहे. चहातलं टॅनिन नाचणी, मटकीतल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते रक्तात जाऊ देत नाही. जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर हवं. ताटातली लिंबाची फोड उलट काम करते, लोह शोषायला मदत करते, म्हणून ती शोभेची समजून कडेला सारू नये, उसळीवर पिळावी. वयात येणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर हे चहा-लिंबाचं गणित औषधाच्या गोळीइतकंच मनावर घ्यावं. मुली इथं येतात, पण बसत नाहीत, डबा भरून नेतात. त्याचं कारण खाली येईल.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की गाड्याचं दुसरं काम सुरू होतं. दिवाळीनंतर मार्चपर्यंत, आठवड्यातनं दोनदा, करवीर आणि हातकणंगल्याच्या शिवारातल्या कोप्यांवर टेंपो जातो. तिथं काय न्यायचं हे बऱ्याच चुकांमधून ठरलंय. दूध नेलं तर नासतं. केळी चिरडतात आणि मोठी पोरं आधी संपवतात. बिस्किटांनी पोट भरल्यासारखं वाटतं, दोन तासांत पुन्हा भूक. आंबील तर प्रवासात आंबतच राहते. म्हणून आता तीनच गोष्टी जातात. पहिली, सालासकट उकडलेली अंडी. पोराचे हात मातीनं, उसाच्या चिकट्यानं भरलेले असतात आणि धुवायला पाणी लांब असतं. सालातलं अंडं आतनं स्वच्छ राहतं. उकडताना तडकलेली अंडी वेगळी काढून गाड्यावर लगेच संपवतात, टेंपोत चढवत नाहीत. दुसरी, नाचणी-शेंगदाण्याचे 30 ग्रॅमचे लाडू. 1 किलो मोडाच्या नाचणीचं भाजलेलं पीठ, 400 ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, 400 ग्रॅम गूळ, 250 ग्रॅम तूप. शेंगदाणे एकेक निवडतात. काळपट, सुरकुतलेला, खवट दाणा बुरशीचा असू शकतो आणि ते विष भाजून पूर्ण जात नाही, म्हणून टाकून देतात, कूट करून लपवत नाहीत. लाडू 30 ग्रॅमचाच का? मोठा लाडू वाटून खाल्ला जातो आणि वाटणीत सगळ्यात धाकट्याला भुगा मिळतो. लहान लाडू प्रत्येकाच्या हातात अख्खा राहतो. तिसरी, धपाटी. ती आई-बापांसाठी, कारण पहाटे चारला फडात जाणाऱ्या बाईला स्वतःचं पोट भरलेलं नसताना पोराला वेगळं खाऊ घालायला सांगणं व्यर्थ आहे.

याच फेरीत पाच वर्षांखालच्या पोरांचा दंडघेर मोजतात. हे काम आम्ही बारकाईनं पाहिलं, कारण फीत चुकीची धरली की सगळंच चुकतं. डावा दंड, कोपरात वाकवून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधली खूण, मग हात सैल सोडून फीत त्वचेला टेकेल एवढीच, आवळायची नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयाला 11.5 सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 म्हणजे मध्यम. आक्कांची माणसं फीत थोडी आवळतात असं एक-दोनदा दिसलं. रडणाऱ्या पोराचा हात ताणलेला असताना मोजलं तर हमखास असं होतं. पोर शांत झाल्यावर पुन्हा मोजावं. 11.5 च्या आतलं पोर सापडलं तर लाडू देऊन पुढं जात नाहीत, आई-बापांना त्याच टेंपोत बसवून सरकारी दवाखान्यात नेतात. हे फार महत्त्वाचं आहे. तीव्र कुपोषित पोराला भरपेट खाऊ घालून बरं करायला जाणं धोक्याचं असतं, त्याला तपासणी आणि मापून दिलेला आहार लागतो. सोबत मुकादमाला सांगून एका दिवसाची रजा मिळवणं हे सगळ्यात अवघड काम. तिथं आक्कांचं टोळीतलं लहानपण कामी येतं. कोणत्या मुकादमाशी कसं बोलायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही.

आता उणिवा, आणि त्या स्पष्टच सांगायला हव्यात. नळ एकच आहे. सात ते साडेसातला तिथं दाटी होते, आणि डबा नळापाशीच असल्यानं आडोशाचा सगळा उद्देश त्या अर्ध्या तासात वाया जातो. दुसरा नळ उलट्या बाजूला काढला तर पैसे देणारे तिकडं वळतील. बाकडी तीनच, त्यावर तालमीतली पोरं पसरून बसतात, मुलींना आणि बायकांना जागा राहत नाही. एक बाकडं त्यांच्यासाठी राखायला खर्च शून्य आहे. ग्लास दोन टबांत धुतात, तिसरा गरम पाण्याचा हवा. आंबील ताकाची असल्यानं नुसत्या गार पाण्यानं ग्लासाच्या काठाचा ओशटपणा जात नाही. अन्न सुरक्षा नोंदणीचा कागद दर्शनी लावलेला आहे, हे चांगलं.

मिठाचं काय? दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही वरची मर्यादा. आंबिलीत मीठ, कांदा-लसूण मसाल्यात मीठ, खर्ड्यात तर भरपूर. खर्डा दोनदा मागितला की सकाळीच निम्मी मर्यादा गाठली जाते. खर्ड्यात मीठ निम्मं करून भाजलेले शेंगदाणे आणि लसूण वाढवला तरी तो झणझणीतच राहील. रक्तदाब असलेल्यांनी तोवर खर्डा बोटाच्या टोकाएवढाच घ्यावा.

हिशेबाचा कागद दर महिन्याला पाटीशेजारी लागतो. डब्यात किती बिल्ले पडले, किती उचलले, आक्कांनी किती भरले. वाचायला सोपा, खाडाखोड नसलेला. पण कोप्यांवरच्या फेरीचं डिझेल आणि टेंपोचं भाडं त्यात धरलेलं नाही, ते आक्का गाड्याच्या नफ्यातनं परस्पर भागवतात. असं करू नये. लपलेला खर्च एखाद्या वाईट हंगामात अख्खा गाडा ओढून नेतो, आणि मग डबाही जातो. तो आकडा कागदावर आला तर उचलणारे हात या गावात नक्की मिळतील.

जायचं असेल तर सहाच्या आत किंवा साडेसातनंतर जावं, मधला वेळ शाळेच्या पोरांना सोडावा. आंबील नऊला संपते, माडगं त्याआधीच. गाडी गंगावेशीतच लावावी, बोळात चारचाकी शिरत नाही. सोमवारी गाडा बंद. डब्यात बिल्ला टाकणार असाल तर ताटाचा टाका, आंबिलीचे पुष्कळ पडतात. वस्तू द्यायची असेल तर जुने कपडे, मिठाई, बिस्किटांचे पुडे आणू नयेत. मटकी, हुलगे, निवडलेले शेंगदाणे चालतात. आणि अंड्यांचा ट्रे द्यायचा असेल तर तो सकाळी नाही, आदल्या रात्री आठच्या आत पोचवावा. अंडी पहाटे चारला गार पाण्यात उकडायला पडतात, उकळी फुटल्यापासून 12 मिनिटं, आणि टेंपो पाचला निघतो.